खुनाला फोडणी

त्या मंगळवारी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा राहून गेला. सकाळी सहाला फोन उघडला तर सांगलीच्या वाचनकट्ट्याच्या ग्रुपवर १४२ मेसेज. पोटात गोळाच आला. रात्रीतून एवढे मेसेज साठले की परदेशातल्या माणसाला पहिली शंका येते ती कोण गेलं हीच. कोणी गेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात कट्ट्यावर कुठलं पुस्तक वाचायचं, यावरून जुंपली होती.

काडी टाकली होती माझ्या पुतणीने. ती तिकडे कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिचं म्हणणं एवढंच, की सारखं दुष्काळ आणि आत्मचरित्रं वाचून मंडळी दमलीत, एकदा पाककृतीवाली रहस्यकथा घेऊ. म्हणजे छोटं गाव, तिथे बेकरी नाहीतर केटरिंग चालवणारी बाई, एक खून, आणि प्रकरणांच्या अधेमधे किंवा पुस्तकाच्या शेवटी चक्क कृती, साहित्य-प्रमाणासकट. रक्त पानावर सांडत नाही. प्रेतसुद्धा शिस्तीत सापडतं. पोलिसांच्या आधी बाईला छडा लागतो आणि मग सगळे मिळून केक खातात. 'काकांनीच पाठवलीत मला सात-आठ,' हेही तिने चारचौघांत सांगून टाकलं.

त्यावर आमचे सर उतरले. नववीत त्यांनी मला मराठी शिकवलं, आणि अजून व्हिडिओ कॉलवरही मी त्यांच्यासमोर पायावर पाय टाकून बसत नाही. सरांनी लिहिलं, 'खुनाला फोडणी दिली म्हणून त्याचं साहित्य होत नाही.' वीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मग खाली, माझं नाव घालून, 'तीस वर्षं अमेरिकेत राहून तू हे वाचतोस?'

हे लागलं. खरं सांगायचं तर पहिल्या वाक्याशी मला कर्तव्य नव्हतं. दुसऱ्यासाठी मी कामावर अर्धा तास उशिरा गेलो.

सरांना काय सांगणार? आठवीत आमच्या दप्तरांतून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले धनंजय-छोटू आणि काळा पहाड जप्त व्हायचे, ते आठवड्याने परत मिळायचे तेव्हा नवीन पानं दुमडलेली असायची, हे ग्रुपवर लिहिणं बरं दिसलं नसतं. मी इतिहास लिहिला. रेक्स स्टाउट या बड्या लेखकाने १९३८ सालीच आपल्या लठ्ठ, खवय्या गुप्तहेराच्या कादंबरीला पाककृती जोडल्या होत्या. व्हर्जिनिया रिचने १९८२मध्ये स्वयंपाकाच्या वर्गातच खून घडवला. १९९०पासून डायान मॉट डेव्हिडसनची कोलोरॅडोतली केटरर गाजली. आणि २०००मध्ये जोअ‍ॅन फ्लूकने आमच्या मिनेसोटात लेक ईडन नावाचं एक न-असलेलं गाव वसवलं, तिथल्या बेकरीवाल्या हॅना स्वेन्सनवर आता पंचवीसहून जास्त पुस्तकं आहेत. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात दवाखान्यात औषधं बनवायची, म्हणून तिची विषं चोख, हेही ठोकलं. विष म्हणजे शेवटी प्रमाणाचाच प्रश्न, स्वयंपाकासारखा.

सरांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. सांगलीत संध्याकाळ झाली होती, त्यांना फिरायला जायचं असणार.

मी आजवर कुणाला पटवू शकलो नाही ते इथे लिहून बघतो. लग्नघरात सगळ्यात जास्त कोणाला माहीत असतं? नवऱ्याच्या आईला नाही. आचाऱ्याला. कोण उपाशी उठलं, कोणी कोणाच्या पंगतीला बसायचं टाळलं, कोणत्या मामांसाठी जिलबीचं ताट आधीच बाजूला काढलं होतं, सगळं त्याला कळतं, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो मागच्या दाराने येतो. या पुस्तकांतली बाई तशीच मागच्या दाराने येते. आपल्याकडे हा माणूस शेकडो वर्षं आहे, त्याला कोणी कादंबरीत घेतलं नाही एवढंच.

दुसरं, कृतीचं. खुनी कोण हे शेवटी लेखिका सांगेल ते मुकाट मानावं लागतं. बिस्किटाचं तसं नाही. साडेतीनशे डिग्री फॅरनहाइट, दहा ते बारा मिनिटं, करून बघा. सगळ्या कादंबरीत वाचकाला स्वतःच्या हाताने पडताळता येईल अशी तेवढीच एक गोष्ट असते. मी आयुष्यभर मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत क्वालिटीचं काम केलं, मला पडताळलेल्या गोष्टी आवडतात. जानेवारीत बाहेर उणे पंचवीस असताना ओव्हन लावायला कारणही लागत नाही.

माझी चूक पुढे झाली. वादाच्या भरात मी कट्ट्याला आपल्या मातीतलं एक कथानक देऊन टाकलं. सांगलीजवळचं हरिपूर. हळदीची पेवं. जमिनीतली ती खोल कोठारं, हळद वर्षानुवर्षं टिकते कारण आत प्राणवायू जवळपास नाही, आणि तो नाही म्हणूनच तोंड उघडून बराच वेळ थांबल्याशिवाय माणसाने उतरायचं नसतं. एक व्यापारी पेवात मेलेला सापडतो, सगळे म्हणतात घाई केली, पण गावात भडंगाचं दुकान चालवणाऱ्या बाईला ठाऊक असतं की हा माणूस कधीच घाई करत नसे. शेवटी भडंगाची कृती, लसूण किती, मेतकूट किती. मला तर बुवा आवडलं.

सरांचं उत्तर लगेच आलं. 'पेवातून माणसं बाहेर काढताना मी पाहिली आहेत. त्यावर बिस्किटं भाजू नकोस.'

मी गप्प बसायला हवं होतं. पण परदेशातला माणूस गप्प बसला की हरल्यासारखा दिसतो. मी वॉशबर्न मिल काढली. १८७८च्या मे महिन्यात मिनिआपोलिसची ही पिठाची गिरणी हवेतल्या पिठाने पेट घेऊन उडाली, अठरा कामगार गेले. त्याच जागी पुन्हा बांधलेल्या गिरणीच्या पडक्या भिंतींमध्ये आज संग्रहालय आहे, आणि त्या संग्रहालयात चक्क बेकिंग लॅब आहे, पोरं तिथे बिस्किटं खातात. मी लिहिलं, 'इकडे लोक दुःखाशी असं जगायला शिकतात.' (हे वाक्य आता वाचून मला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.) पुतणीने लिहिलं, 'काका, ते दीडशे वर्षांपूर्वी गेले. इथली पेवातली माणसं दोन गल्ल्या पलीकडची होती.' माझ्या बाजूने बोलणारी ती एकटी, तीही गेली.

मग तिने वेगळाच मुद्दा काढला. या पुस्तकांतल्या बायका हौसेने ओव्हन उघडतात. तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, चुलीपासून उठायची सोय नव्हती. स्वयंपाकघर हा आसरा वाटायला आधी तिथून बाहेर पडता यायला पाहिजे. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कमलाबाई ओगल्यांचं नाव घेतलं. आमच्या कुंडलच्या. अमेरिकेने बेटी क्रॉकर नावाची बाई १९२१मध्ये एका पीठकंपनीच्या कचेरीत शोधून काढली, ती कधी जन्मलीच नाही. आमची बाई खरी होती, आणि १९७०च्या तिच्या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापावर परदेशातसुद्धा संसार उभे केले. माझाही. पुतणी म्हणाली, हे उत्तर नाही. बरोबर आहे तिचं.

पण खून आणि फोडणी यांचा संबंध नाही, हे सरांचं म्हणणं मला अजून मान्य नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. इकडे हॉटडिश येतो, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला एका भांड्यातला जेवणाचा पदार्थ, वरून टेटर टॉट्स म्हणजे बटाट्याचे तळलेले गोळे लावलेला, डब्याच्या बुडाला टेपवर नाव लिहिलेलं, कारण डबा परत करायचा असतो. चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि बार्स असतात आणि बायका हलक्या आवाजात नेमकं काय झालं ते विचारतात. आणि आपला दहावा? घाटावर पिंड ठेवलाय, शेजारी द्रोणात गेलेल्याला आवडणारे पदार्थ आहेत, कावळा शिवत नाही, आणि पाच-सहा पुरुषमाणसं उन्हात उभी राहून शोध घेतायत की ह्याचं काय राहिलं होतं. कांदाभजी ठेवून बघा. शेताचं बघतो म्हणा. म्हातारीला अंतर देणार नाही म्हणा. मेलेल्या माणसाचा हेतू पदार्थावरून शोधायचा, याहून जास्त पाकरहस्यकथा कुठे असते?

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. टाइप केलं आणि पुसलं.

आमचे वडील, आण्णा, २०१४च्या जानेवारीत गेले. त्या आठवड्यात मिनेसोटात अशी थंडी पडली होती की गव्हर्नरने राज्यातल्या सगळ्या शाळा बंद ठेवल्या. मी अकराव्या दिवशी पोचलो. 'विमानंच नव्हती' असं सगळ्यांना सांगितलं, आणि त्या थंडीच्या बातम्या तिकडच्या पेपरातही आल्या होत्या, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. गव्हर्नरचा हुकूम एकाच दिवसाचा होता. चौथ्या दिवशी विमानं मिळत होती. त्या आठवड्यात आमचं ऑडिट होतं.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा शिवेना. आतेभावाने मला हे हसतहसत सांगितलं, म्हणून कळलं. आण्णांच्या आवडीची भरली वांगी होती, कवठाची बर्फी होती. सगळ्यांनी सगळं कबूल करून झालं. 'धाकटा निघालाय, येतोय' असंही कोणीतरी म्हणालं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला तेव्हा दादा पुढे झाला, वाकून हळूच काहीतरी बोलला, आणि म्हणे लगेच कावळा आला. काय बोलला ते कोणाला ऐकू गेलं नाही. मी त्याला विचारलं नाही.

लेक ईडनची हॅना वडील गेल्यावर पुढचं शिक्षण सोडून गावी परतते, आईजवळ राहायला. मग बेकरी काढते. पंचवीसहून जास्त पुस्तकं त्या परतण्यावर उभी आहेत. या प्रकारातल्या अर्ध्याअधिक नायिका अशाच कुठल्यातरी शहरातून माघारी आलेल्या असतात, आणि गाव त्यांना लगेच ओळखतं, प्रेतांसकट. आधी मी हे वाचताना हसायचो. एवढ्याशा गावात इतके खून, तरी एक माणूस घर विकून जात नाही! आम्ही आमचं गावभागातलं घर २०१९च्या पुरानंतर विकलं. सही मी इकडून पाठवली.

असो. कट्ट्यावर मतदान झालं आणि पुतणी दोन मतांनी जिंकली. सरांनी कोणाला मत दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, फक्त विचारलं की पुस्तकातली ती बिस्किटं कोण करणार, आणि कपाचं माप त्यांच्या सूनबाईला कळत नाही, तर अमेरिकेतल्या तज्ज्ञाने ते वाटीत करून द्यावं.

तज्ज्ञाकडे वाटी नव्हती. आईची मापाची वाटी वाटणीत दादाकडे गेली, वर काठाला पोचा असलेली. तिच्यात किती मावतं हे कोणी कधी मोजलं नव्हतं, आई त्या वाटीने सगळं करायची आणि सगळं बरोबर यायचं. शेवटी शनिवारी रात्री दादाला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ. त्याच्याकडे मापाचं भांडं नव्हतं. त्याने नातीची दुधाची बाटली घेतली, तिच्यावर आकडे असतात, आणि वाटीने पाणी भरून मोजायला बसला. मी कानाला फोन लावून ते पाणी ओतल्याचं ऐकत होतो. एकदा सांडलं, त्याने परत भरलं.

'एकशे सत्तर,' दादा म्हणाला. 'पोचा धरून.'

'बरं.'

'अजून काही मोजायचंय?'

मी म्हटलं, 'नाही. एवढंच.'