सिगार आणि अडकित्ता

गेल्या महिन्यात टोरांटोहून येऊन गेलेल्या साडूने जाताना मला एक सिगार दिला. एकच. अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत नळीत बंद, जणू कुणाचा तरी नमुना लॅबला चाललाय. "क्यूबन आहे, दादा. कॅनडात उघड मिळतो, अमेरिकेत बंदी," हे तो इतक्या हळू बोलला की मी उगीच वॉचमनकडे पाहिलं.

सिगार म्हणे सत्तर टक्क्यांच्या आसपास दमटपणात ठेवावा लागतो, त्यासाठी लोक खास लाकडी पेट्या घेतात. ठाण्यात जुलैमध्ये ही सोय अख्ख्या फ्लॅटला फुकट असते, जरा जास्तच. पंधरा दिवस तो कपाटात टॉवेलांशेजारी राहिला.

रविवारी संध्याकाळी झड लागलेली असताना मी गॅलरीत खुर्ची टाकली. नळी उघडली. आत सिगारभोवती लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा होता, तो पॅकिंग समजून कचऱ्यात टाकला. काडेपेटी सादळलेली. सहा काड्यांनी आपला गूल पेटीवर सारवला, सातवी पेटली. ओढलं. काही येईना. जोर लावला, गाल आत गेले, कानात दडे बसले, सिगार ढिम्म. शहाळं न फोडताच स्ट्रॉ टेकवल्यासारखं.

साडूला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती.

"दादा, कापलात का?"

तोंडाकडचं टोक पानाच्या छोट्या टोपीने बंद असतं, हे मला पन्नाशीत कळलं. ती टोपी नखाच्या जाडीइतकीच उडवायची. जास्त कापली तर वरचं पान निऱ्या सुटाव्यात तसं उलगडत जातं. त्यासाठी दोन पात्यांचं कटर मिळतं. आमच्याकडे नेलकटर होतं. ते टोपीला कुरतडू लागलं तेव्हा साडूने तिकडे डोळे मिटून घेतले.

आत्या हॉलमध्ये मालिका बघत होती. साताऱ्याहून डोळ्यांच्या तपासणीला आलेली. तिने कनवटीचा अडकित्ता काढला, "आण हिकडं," म्हणाली, आणि खट्. टोपी टिकलीसारखी उडून पडली. पान जागच्या जागी.

"आता लगेच तोंडात धरू नका," साडू म्हणाला. "आधी बूड भाजून घ्या. ज्योत टेकवायची नाही, इंचभर खाली ठेवायची. सिगार फिरवत राहायचा. मेणबत्ती नको, वास लागतो. काडी असेल तर आधी तिचा गूल जळून जाऊ द्या. उत्तम म्हणजे त्या नळीत सीडरचा पापुद्रा असतो ना, त्याची पट्टी पेटवून..."

मी कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. पापुद्र्यावर चहाचा चोथा पडला होता.

"देवघरातली निरांजनं मागू नका, आधीच सांगते," बायको आतून म्हणाली.

शेवटी गॅस बारीक केला. मी सिगार ज्योतीत खुपसणार तोच आत्याने हातावर चापट मारली. "आरं, तंबाखू हाय ती, फटाका न्हाय, वात लावून पळायला. मशेरी भाजताना बघितली न्हाईस कधी? जाळायची न्हाय, भाजायची." आणि तिने तो तीन बोटांत धरून ज्योतीच्या वर असा फिरवला की बुडाची कड सगळीकडून सारखी लालसर होत गेली. ज्योतीला शिवला नाही. स्क्रीनवर साडू गप्प.

"आत्या, तुम्ही ओढता?"

"मी कशाला वढू? म्या दात घासती."

अवघडलेपण घालवायला साडूने केनेडींचा किस्सा काढला. १९६२ साली क्यूबावरच्या बंदीच्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी आपल्या प्रेस सेक्रेटरीला, पिएर सॅलिंजरना, सिगार जमवायला पिटाळलं. सॅलिंजर स्वतःच सांगायचे, आपण १२०० आणले, मगच सही झाली. आत्याला यात काही नवल वाटलं नाही. लॉकडाऊन लागण्याआधी तिनेही तंबाखूच्या पुड्या अशाच भरून ठेवल्या होत्या, फक्त सही दुसऱ्याने केली.

सिगार पेटला. धूर आत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडून द्यायचा, हे साडूने सांगितलं खरं, पण तोवर मी घेतला होता. गॅलरी सावकाश डावीकडे वळली. समोरची बिल्डिंगही वळली. चौथ्या झुरक्याला मी घामाने निथळत आडवा झालो आणि बायको गुळाचा खडा घेऊन आली.

सिगार विझवायचा नसतो, नुसता ठेवून द्यायचा, आपोआप विझतो. एवढी एक पायरी मला पहिल्या फटक्यात जमली.

सकाळी उठलो तर बशी रिकामी. स्वयंपाकघरात डोळे चुरचुरावेत असा वास, खिडक्या सताड उघड्या, आणि गॅसवर तवा. हवानाहून टोरांटोमार्गे आलेल्या त्या पानांची काळी कुळकुळीत पूड आत्याच्या तळहातावर होती, आणि तिचं बोट दातांवर फिरत होतं.

"जरा मऊ हाय," ती तोंड वर करून, पूड सांभाळत म्हणाली. "पर साडूला म्हनावं, म्होरल्या खेपेला दोन आन."