स्वार नसलेला काळा घोडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

चौकातले पुतळे हटवण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कळलं की एक घाव वर्मी बसलाय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पुतळे हटवणं म्हणजे इतिहास पुसणं, हवं तर शेजारी फलक लावा. आणि व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासणारे चापेकर क्रांतिकारक, तर नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा मुठा नदीत टाकणारे गुंड, हा माझा दुटप्पीपणा आहे.

आधी सोपा भाग. मुंबईत १८७९ साली सातवा एडवर्ड (तेव्हा तो युवराजच होता) घोड्यावर बसून चौकात आला. त्याच्या १८७५-७६ च्या भेटीची आठवण म्हणून पैसे दिले अल्बर्ट ससून यांनी. १९६५ मध्ये पुतळा तिथून उचलून राणीच्या बागेत नेला. पुढची पन्नासेक वर्षं चौकात घोडा नव्हता, तरी टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हटलं की तो बरोबर तिथेच सोडायचा. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, पाठीवर स्वार न ठेवता. मला तर ते फार आवडलं. लोकांनी नाव ठेवलं होतं ते घोड्याचं, राजाचं नव्हे. मग पुसलं काय गेलं?

व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा आता भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. तो दिला होता बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी, म्हणजे सत्तावन्नात इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्या संस्थानिकाने. पुतळ्यातला खरा इतिहास हा आहे : कोणी दिला, का दिला. सिग्नल सुटायच्या आत तो कोणी वाचत नाही. चौकात फक्त मान वर करून बघायचं असतं, आणि चौथरा उंच बांधतात तो त्यासाठीच.

आता चापेकर आणि गडकरी. इथे तुम्ही मला पकडलंत, तरी पूर्ण नाही. १८९६ साली चिंचवडच्या दामोदर चापेकरांना ‘राणीचा पुतळा हलवा’ म्हणायला कुठली कचेरी होती? पुढे रँडच्या वधासाठी ते १८९८ मध्ये फासावर गेले. जानेवारी २०१७ मध्ये पुण्यात संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचा अर्धपुतळा रातोरात उखडला गेला, तेव्हा महापालिकेची निवडणूक महिन्या-दीड महिन्यावर होती. ज्यावरून तो उखडला, त्या गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकातलं संभाजीराजांचं चित्रण मलाही पटत नाही. (१९१९ साली गडकरी गेले तेव्हा ते नाटक अपुरंच होतं, हेही भांडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.) पण दारात हात जोडून उभ्या राहणाऱ्या उमेदवारापुढे ही मागणी रेटता आली असती. मत देता येणाऱ्याने कुदळ उचलली आणि मत नसलेल्याने डांबर उचललं, या दोन गोष्टी मी एका तागडीत घालणार नाही.

मात्र हीच फूटपट्टी मला माझ्या लेखालाही लावावी लागते. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जमावाने गुलामांच्या व्यापारात हात असलेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा पाण्यात ढकलला, त्याला मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या लोकांनाही मत होतंच. तो परिच्छेद मी मागे घेतो. पाण्यातून काढल्यावर मात्र तो संग्रहालयात जमावाने फासलेला रंग न पुसता, आडवा ठेवून दाखवला, ते मला अजूनही योग्य वाटतं. उभा केला असता तर पुन्हा मान वर करावी लागली असती.

तुमच्या-माझ्या दोघांच्याही चौकटीत न बसणारं एक उदाहरण आहे. पुण्याच्या लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा २०१० च्या डिसेंबरात महापालिकेने स्वतः ठराव करून काढला. म्हणजे माझी अट (मत असेल तिथे निर्णय मताने व्हावा, कुदळीने नव्हे) पाळली गेली. मग तो मध्यरात्रीनंतर का काढावा लागला? ठराव केला होता तर भर दुपारी, सगळ्यांदेखत काढायचा. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि त्या रात्रीचं समर्थनही मी करणार नाही.

राहिला तुमचा फलक. कल्पना चांगली आहे, पण ब्रिस्टलमध्ये आधी फलकाचाच घाट घातला होता आणि त्यावर काय लिहायचं याच्या वादात तो अडकून पडला. आपण करून पाहू. व्हिक्टोरियाच्या पुतळ्यासाठी पाच ओळींचा मजकूर तुम्ही लिहून पाठवा, मीही लिहितो. त्यात खंडेराव आणि दामोदर दोघेही आले पाहिजेत. दोन्ही मजकूर इथेच शेजारी शेजारी टाकतो.