सही करण्याआधी
नव्या औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांबद्दलचा तुमचा लेख वाचला. चाचणीत भाग घेणं म्हणजे गिनिपिग होणं, हा त्यातला सूर पटला नाही. काकूंना मधुमेहाच्या नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का असं विचारलं गेलं, तेव्हा आम्ही संमतीपत्र मराठीत मागून घेतलं आणि घरी निवांत वाचलं. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते, मध्येच बाहेरही पडता येतं. सीटीआरआयवर (देशातल्या चाचण्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) चाचणीची नोंदणी आहे का, हे तर कुणीही घरबसल्या बघू शकतं. आम्ही अडलो ते प्लासिबोपाशी, म्हणजे तुलनेसाठी एका गटाला देतात त्या औषधासारख्या दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या डोसापाशी. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरांनाही बहुतेकदा कळत नाही. काकूंचा प्रश्न एकच: ‘माझ्या चालू गोळ्या बंद नाही ना करणार?’ (नाही करणार, लेखी घेतलंय.) आता दर तपासणीला त्यांना पुण्याला कोण नेणार, यावर घरात खल चालू आहे.