परक्या आजोबांचा पावसाळा

जुने फोटो विकत घ्यायचे तर फोटोंकडे बघायचंच नाही. मुंबईच्या चोरबाजारातला मटन स्ट्रीट असो की पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, आधी गंजलेल्या अडकित्त्याचा भाव विचारावा, मग कर्णा नसलेल्या ग्रामोफोनचा, आणि निघता निघता म्हणावं, "हे कागद कसे दिले?" 'फोटो' म्हटलंत की पगडीवाला प्रत्येक इसम जागच्या जागी संस्थानिक होतो. चौकट सागवानी असेल तर मात्र भाव चौकटीचा. आतल्या आजोबांची दुकानदाराला अडचणच असते.

पारख तिथेच उभ्याउभ्या करावी. भिंगातून चेहऱ्याचे ठिपके दिसले तर ते मासिकातलं कात्रण. उजेडात तिरपा धरल्यावर काळ्या भागांच्या कडेला निळसर-रुपेरी झाक दिसली तर चांदीच्या क्षारांच्या कागदावरचा जुना प्रिंट. सहा सेंटिमीटरचा चौकोनी प्रिंट बहुधा १२० नंबरच्या फिल्म रोलवरून, मोठा न करता थेट काढलेला असतो, आपल्याकडे पुष्कळदा आग्फा क्लिक कॅमेऱ्याचा. पाठ बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्टुडिओचा शिक्का असलाच तर तिथे असतो.

खरा छळ जूनमध्ये सुरू होतो. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा, म्हणजे बुरशीला आयतं जेवण. ओल्या फडक्याने पुसलंत तर बुरशीबरोबर आजोबांची मिशीही जाते. सावलीत, खेळत्या हवेत पूर्ण वाळू द्यावा, मग घराबाहेर तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटकावा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, काचेसकट स्कॅन करावा. काळ्या पानांच्या अल्बममधला डिंकाने डकवलेला असेल तर मागून दात साफ करायचा दोरा हळूहळू फिरवावा. सेलोटेप अजिबात नको. पाठीवर लिहायचं ते मऊ पेन्सिलने: कुठून घेतला, कधी. बॉलपेन पुढच्या बाजूने गालावर उमटतं. पीव्हीसीची पाकिटं स्वस्त पडतात आणि कालांतराने फोटोला चिकटतात, पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत. डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवावं. रंग बदलणारं असेल तर तो बदलताच तापवून पुन्हा वापरता येतं, फक्त ओव्हनपाशी उभं राहून हे कुणासाठी चाललंय ते घरच्यांना सांगावं लागतं. स्वतःच्या आजोबांचे फोटो लॉफ्टवर रद्दीत असतात, हे त्यांनाही ठाऊक असतं.

भिंतीवर मूळ फोटो लावू नये, उजेडाने विटतो. ६०० डीपीआयला स्कॅन करून प्रत लावावी, तीही दिवाणखान्यात नको. तिथे पाहुणे चपला काढून आधी नमस्कार करतात, मग "कधी गेले?" विचारतात. सर्वपित्रीला कुणीतरी चंदनाचा हार आणतं. एकदा घातलेला हार उतरवायची कुणाची छाती होत नाही.