मटण सुटलं ते ठीक, गोळ्या का सुटल्या?

माझी मामी औषधांची पाकिटं मोजते. मामांची अख्खी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये गेली, त्यामुळे मोजणी जुळली नाही की त्या घरात कुणाला झोप लागत नाही. गेल्या आठवड्यात जुळली नाही. रात्रीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या अकरा जास्त आणि सकाळच्या रक्त पातळ ठेवणाऱ्याही अकराच जास्त. मामांना विचारलं तर म्हणाले, "मटण सोडलंय ना? मग आता कशाला?" आणि मोबाइल पुढे केला.

मोबाइलवर 'हृदयरोग्यांनो, जागे व्हा' असा लांबलचक मेसेज. जेलरोडपासून सातपूरपर्यंत माझ्या ओळखीच्या चार घरांत तो पोचलाय, तेव्हा तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं थोडक्यात असं: मांसाहार सोडला की तीन महिन्यांत ब्लॉकेज विरघळतात, अमेरिकेत ८२ टक्के रुग्णांच्या नसा अशा मोकळ्या झाल्यात. त्यानंतर गोळ्या खाणं म्हणजे औषध कंपन्यांची घरं भरणं. कोलेस्टेरॉल फक्त मांसात असतं, म्हणून शाकाहारी माणसाला अटॅक येत नाही. रोज उपाशीपोटी दुधीचा रस प्यावा, जेवणात देशी गाईचं तूप सढळ हाताने घ्यावं. बी-१२ जीवनसत्त्वाची चिंता नको, मोड आलेल्या मटकीत ते भरपूर असतं. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

आधी गोळ्यांचं. बाकीचं नंतर बघू.

मामांना दिवाळीनंतर अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. स्टेंट म्हणजे नसेत बसवलेली धातूची बारीक जाळी. शरीराच्या लेखी ती परकी वस्तू. रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, तिला चिकटायला बघतात आणि चिकटल्या की गुठळी होते. नसेचं आतलं अस्तर त्या जाळीवर हळूहळू चढतं, पण त्याला महिने लागतात, औषध लावलेल्या स्टेंटवर तर आणखी जास्त. तोवर प्लेटलेट्सना आवरून धरायचं काम ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या दोन गोळ्या मिळून करतात. अटॅकनंतर ही जोडी साधारण वर्षभर चालते, मग डॉक्टर बघून एक कमी करतात. मध्येच मनाने थांबवली तर स्टेंटच्या आतच गुठळी होऊन नस बंद पडू शकते. हळूहळू नाही, एकदम. म्हणजे पुन्हा अटॅक, आणि जीव जाण्याची भीती मोठी. मामांचं वर्ष अजून व्हायचंय. आता मला सांगा, यात मटण कुठे आलं? प्लेटलेट्स काय ताटात डोकावून बघतात का, आज रस्सा आहे की वरण?

रात्रीच्या गोळीचा, म्हणजे ऍटोरव्हास्टॅटिनचा, खाण्याशी संबंध आहे. पण मेसेजवाल्याला वाटतो तसा नाही. वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसतं हे खरं, मात्र आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीर, मुख्यतः यकृत, स्वतःच बनवतं. माळकऱ्याचंही बनवतं. ही गोळी त्या कारखान्यालाच लगाम घालते. शिवाय अटॅक बहुतेक वेळा नस चिंचोळी होत होत बंद पडल्याने येत नाही. नसेच्या भिंतीतला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी बसते. तो थर फुटू नये, टिकून राहावा, यासाठीही ही गोळी असते. मटण सोडून कोलेस्टेरॉल थोडं खाली येईल, येतंही. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला 'थोडं' पुरत नाही.

आणि कंपन्यांचा धंदा म्हणे. अहो, मटण बंद करा हे मामांना सांगितलं कुणी? त्याच डॉक्टरांनी. डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: मटण बंद, तंबाखू बंद, गोळ्या मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. एकाच तोंडातून निघालेल्या या गोष्टी. पहिली खरी आणि तिसरी मात्र कंपनीने शिकवलेली, हे कसं काय? या गोळ्यांची पेटंटं संपून जमाना झाला, जनऔषधी दुकानात त्या स्वस्तात मिळतात. मामांनी पहिली गोष्ट पाळली, तिसरी मेसेजवर विकली आणि दुसरी अजून खिशात आहे, चुन्याच्या डबीसकट. मेसेजमध्ये तंबाखूचा 'त' नाही, म्हणून तर तो मामांना एवढा पटला असावा.

आता ते अमेरिकेतले ८२ टक्के. हा आकडा हवेतला नाही, म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. डॉ. डीन ऑर्निश यांचा अभ्यास, १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. माणसं एकूण ४८: २८ जणांना नवी जीवनपद्धती, २० जणांना नेहमीचे उपचार. वर्षभराने पहिल्या गटातल्या ८२ टक्के लोकांचे ब्लॉकेज सरासरीने कमी होण्याच्या दिशेने सरकलेले दिसले. सरकले किती? नसेतला अडथळा सरासरी ४० टक्के होता, तो ३७.८ वर आला. दुसऱ्या गटात तो ४२.७ वरून ४६.१ वर गेला. आजार उलटा फिरू शकतो हे दाखवणारा म्हणून हा अभ्यास मोलाचा आहे. पण ४०चे ३७.८ याला 'विरघळणं' म्हणत असाल, तर गंगापूर धरणातून तांब्याभर पाणी काढून धरण रिकामं झालं म्हणा. आणि तेही वर्षाने, तीन महिन्यांत नाही.

इथे थोडं नमतं घेते. त्या २८ जणांना कोलेस्टेरॉलच्या गोळ्या दिलेल्या नव्हत्या, हे खरं आहे. पण त्यांनी काय काय केलं ते मेसेजवाल्याने वाचलेलं नाही, किंवा वाचून गिळलंय. सिगारेट बंद, नियमित व्यायाम, मनावरचा ताण कमी करण्याचा रोजचा सराव, एकमेकांना धीर देणाऱ्या गटाच्या बैठका. आणि जेवण असं की दिवसभराच्या कॅलरीपैकी जेमतेम १० टक्के चरबीतून. प्राण्यांपासून आलेलं काय चालायचं? अंड्याचा पांढरा भाग आणि साय काढलेलं कपभर दूध किंवा दही. बस. तूप नाही, लोणी नाही, पनीर नाही. म्हणजे ज्या अभ्यासाच्या जोरावर हा मेसेज उभा आहे, त्याच अभ्यासाने याच मेसेजमधलं तूप ताटाबाहेर काढलेलं आहे! तुपातली साठ टक्क्यांच्या आसपास चरबी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी, असते, आणि मटण कमी करा म्हणतात ते याच चरबीसाठी. गाय देशी असली म्हणून ते बदलत नाही. वरणावर चमचाभराला मी काही म्हणत नाही, 'सढळ हाताने'ला म्हणते.

आणखी एक. हृदयाच्या स्टेंटला अमेरिकेत परवानगी मिळाली १९९३ साली. अभ्यास छापून आला १९९० साली. स्टेंट बसलेल्या माणसाने गोळ्या सोडाव्यात असं त्यात कुठून असणार?

दुधीच्या रसावर हसून सोडून देणार होते, पण तो प्रकारही साधा नाही. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं असतात. असा रस पिऊन उलट्या, रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं, आणि मृत्यूसुद्धा झालेत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितलंय की आधी फोड चाखून बघा, कडू लागली तर फेकून द्या. आपल्याकडे 'कडू आहे म्हणजे औषधी आहे' म्हणून नाक दाबून पिणारे कमी नाहीत, आणि त्यात मामा पहिल्या रांगेत. दुधीची भाजी खा, चणाडाळ घालून छान होते.

शाकाहाऱ्याला अटॅक येत नाही, यावर काय बोलायचं? ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत शाकाहाऱ्यांत हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी आढळला. कमी, शून्य नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या माळकरी आजोबांनी दर वर्षी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूर केलं, त्यांची बायपास झालीच. आणि मटण सोडून मामा रविवारी करतात काय? मिसळ. दोनदा तर्री, वर पापड, शेवटी जिलेबी. सगळं शाकाहारी.

मटकीत बी-१२ नसतं. मोड आणा नाहीतर झाड आणा. मटण-अंडी बंद केली असतील तर डॉक्टरांना विचारून तपासून घ्या, एवढंच.

मामांनी मटण सोडलं याचं मला खरंच कौतुक आहे. ज्या घरात रविवार म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी, तिथे यंदाच्या आखाडात त्यांनी भावकीच्या तीन जेवणांत आमटी-भात खाल्ला आणि तोंडातून ब्र काढला नाही. प्रश्न फक्त त्या अकरा दिवसांचा आहे.

मामा, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे, कारण मामीने मोठ्याने वाचून दाखवायचं कबूल केलंय. काल फोनवर डॉक्टरांनी गोळ्या लगेच सुरू करा म्हटलंय आणि मंगळवारी दाखवायला बोलावलंय. जाताना उरलेली पाकिटं बरोबर न्या आणि किती दिवस चुकले ते खरं सांगा. मामी सोबत येणार आहे, तिने मोजून ठेवलीत.