टोच पडली, पिल्लू बाहेर येईना: हात घालायचा की नाही?

बाळ्याचा प्रश्न सरळ होता. उबवणी यंत्रात ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्याला टोच पडून, म्हणजे पिल्लाने आतून चोचीने पहिलं भोक पाडून, १४ तास झाले, आतून चिवचिव येते, पण भोक काही वाढत नाही. टरफल सोलून पिल्लू बाहेर काढू का?

अण्णा लगेच म्हणाले, "अजिबात नाही. १४ तास म्हणजे काहीच नाही. पहिल्या टोचेनंतर पिल्लू १२ ते २४ तास नुसतं पडून राहतं."

"पडून काय करतं पण? दमलं असेल ना?"

"दमलेलं नाही, त्याचं काम चाललंय. टोच दिसते त्याच्या आधी पिल्लू आतला पापुद्रा फोडून रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं. तोवर त्याचा श्वास कवचाच्या आत पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून चालतो. पोकळीतली हवा अपुरी पडली, कार्बन डायऑक्साइड वाढला, की मानेमागचा स्नायू झटके देतो आणि चोचीवरच्या टणक कोंबाने कवच तडकतं. आता श्वास पूर्णपणे फुफ्फुसांवर यायचा. जाळ्यातलं रक्त अंगात परत यायचं, उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढायचा, मग बेंबी मिटायची. हे सगळं व्हायच्या आत तू सोलायला बसलास तर वाहिनी फाटेल. पिल्लाच्या अंगात सगळं मिळून रक्त चमचाभरही नसतं. थोडं सांडलं तरी ते जातं."

ताईंना हे पटलं, पण 'अजिबात नाही' पटलं नाही. "घड्याळ नंतर बघायचं अण्णा, आधी पापुद्रा बघायचा. बाळ्या, टोच रुंद टोकाला आहे की निमुळत्या? आणि भोकातून दिसणारा पापुद्रा पांढरा, ओलसर आहे की पिवळट-तपकिरी, चामड्यासारखा?"

"रुंद टोकाला. पांढराच आहे."

"मग आज अण्णांचं ऐक. यंत्राचं झाकण किती वेळा उघडलंस?"

बाळ्या गप्प. ताई चिडल्याच. "तिथंच घात होतो. उबवणीच्या १८व्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर न्यायची आणि झाकण बंद ठेवायचं. टोच पडलेली असताना उघडलंस की दमट हवा निघून जाते, पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगावर आवळतो. आत ते पूर्ण तयार असतं, पण त्याला मानही वळवता येत नाही. अशा वेळी हात न लावणं म्हणजे त्याला मारणंच आहे."

"चिकट झालेलं पिल्लूही अडकतंच," अण्णांनी भर घातली. "त्याचं कारण मात्र उलटं असतं. पहिले १८ दिवस आर्द्रता जास्त राहिली की अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही. वजन तोवर ११ ते १३ टक्के घटायला हवं. ६० ग्रॅमचं अंडं ५३ च्या आसपास यायला हवं. नाही घटलं तर हवेची पोकळी लहान राहते, पिल्लू सुजकट होतं आणि चिकट द्रव नाकपुडीत बसतो. त्याला आणखी पाणी लावून उपयोग नाही, नाकपुडी पुसून मोकळी करायची."

"बरं, हात घालायचाच झाला तर कसा?"

ताईंनी एकेक पायरी सांगितली. पंखा बंद, खोली उबदार, हात धुतलेले. उकळून कोमट केलेलं पाणी, कापसाच्या काड्या, बोथट चिमटा. अंड्यामागे टॉर्च धरून हवेच्या पोकळीची रेघ पेन्सिलने आखायची आणि त्या रेघेच्या वरच काम करायचं. टोचेपासून सुरुवात करून टरफलाचे बारीक तुकडे उचलायचे, पापुद्रा तसाच ठेवायचा. मग ओल्या काडीने पापुद्रा भिजवायचा. भिजला की तो पारदर्शक होतो आणि वाहिन्या दिसतात. लाल रेघ दिसली की थांबायचं, अंडं यंत्रात परत ठेवायचं आणि ४-६ तासांनी पुन्हा बघायचं. रक्त आलंच तर स्वच्छ कापूस हलका दाबून धरायचा, त्या दिवशी पुढे जायचं नाही.

"आणि पिल्लू काही चघळत असल्यासारखी चोच हलवत असेल तरी थांब," ताई म्हणाल्या. "बहुतेक बलक अजून ओढला जातोय."

"खोबरेल तेल लावतात ना?"

"पाण्याइतकं लवकर वाळत नाही म्हणून लावतात. पण एखादा थेंब, तोही नाकपुडीपासून लांब. लाल रेघ नसेल तर नाकपुडीवरचा पापुद्रा बाजूला सार, वरची टोपी काढ आणि बस्स. खालचा अर्धा भाग राहू दे. त्यातून पाय मारत त्याचं त्यालाच निघू दे. ओढायचं नाही, कारण बेंबी अजून कवचाला जोडलेली असू शकते. खाली बलकाचा फुगा दिसला तर ओला टिश्यू गुंडाळून परत यंत्रात."

टोच पडलीच नसेल तर? इथे अण्णाच पुढे सरसावले. टॉर्चमध्ये चोच पोकळीत दिसते, आवाज येतो, पण २४ तास उलटूनही कवच तडकत नाही, तर निर्जंतुक सुईने रुंद टोकाला मिलिमीटरभर भोक पाडायचं. हवा मिळाली, एवढंच पुरे. टोच निमुळत्या टोकाला असेल तर मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं: तिथे पोकळी नाही, सोलायला मोकळी जागा नाही, वाहिनी लगेच लागते.

शेवटी वाद पेटला तो पिलांच्या पुढच्या आयुष्यावरून. अण्णांच्या मते मदत घेऊन निघालेलं पिल्लू पैदाशीला ठेवू नये. आतली उलटी बैठक, अशक्तपणा पुढच्या पिढीत जाऊ शकतो.

"पापुद्रा आपल्या यंत्राने वाळवला, त्यात पिलाचा काय दोष?" ताईंनी विचारलं. "बैठक चुकलेली असेल तर पायात खूणवळं घालून वेगळं ठेवा, मला मान्य आहे. पण सरसकट नको."

"आणि अख्खी खेपच अडकली तर?"

"मग एकेक अंडं फोडत बसू नकोस," यावर दोघांचं एकमत. सगळी एक दिवस उशिरा आली तर तापमान कमी होतं. लवकर आली आणि बेंब्या उघड्या दिसल्या तर जास्त. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश हवेत. दुसरा थर्मामीटर आत ठेवून पडताळा घ्यायचा. आर्द्रतामापकाचं तर सोपं आहे: ओलसर मिठाबरोबर बंद डब्यात ठेवला की काही तासांनी त्याने ७५ टक्के दाखवायला हवेत. जितका फरक, तितका काटा चुकीचा.