भांग किती कडक आहे ते जिभेला कळत नाही, त्या फॉरवर्डला उत्तर

धुळवड जवळ आली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो, यंदाही सगळ्या ग्रुपवर येऊन गेलाय. थोडक्यात त्यात असं म्हटलंय: भांगेची ठंडाई कडू आणि गडद हिरवी असेल तर कडक समजा, गोड दुधाळ असेल तर बिनधास्त प्या. एक घोट घेऊन १५ मिनिटं थांबा, काही वाटलं नाही तर पूर्ण ग्लास घ्या. एका पातेल्यातली सगळी सारखीच असते. जास्त झालीच तर लिंबू किंवा चमचाभर तूप, लगेच उतरते. आणि शेवटी, नैसर्गिक पाला आहे, कायद्यानेही चालतो, मग घाबरायचं काय. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि दोन-तीन तर माणसाला हॉस्पिटलात नेणारी आहेत, म्हणून एकेक घेते.

कडू म्हणजे कडक, हे पहिलं. नशा येते टीएचसीने, म्हणजे भांगेतल्या मुख्य नशेच्या घटकाने, आणि शुद्ध टीएचसीला चव जवळपास नसतेच. कडवटपणा पाल्यातल्या बाकीच्या घटकांचा, आणि हिरवा रंग क्लोरोफिलचा, तो पालकातही असतो. त्यात बदाम, बडीशेप, मिरी, गुलाब, साखर पडली की जीभ काय सांगणार? अजून एक गोष्ट म्हणजे झाडाच्या ताज्या पाल्यात टीएचसी फार कमी असतं, असतं ते त्याचं आम्लरूप, टीएचसीए, ज्याने नशा येत नाही, उष्णता मिळाली की त्याचं टीएचसी होतं. म्हणजे एकाच गड्डीतला अर्धा पाला कुणी कच्चाच वाटून थंड दुधात घातला आणि उरलेला अर्धा कुणी तुपात मंद आचेवर परतून घेतला तर दोन पूर्ण वेगळी पेयं तयार होतात, आणि परतून गाळलेली जी जास्त चढेल तीच दिसायला फिकी आणि चवीला सौम्य असू शकते. मेसेज नेमकी तीच बिनधास्त प्यायला सांगतोय.

आता एक घोट आणि १५ मिनिटं. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण वाचायला तो एकदम शहाणपणाचा वाटतो. पोटातून गेलेलं टीएचसी आधी आतड्यातून शोषलं जातं, मग लिव्हरमध्ये जातं, तिथे त्याचा काही भाग ११-हायड्रॉक्सी-टीएचसीमध्ये बदलतो आणि तेही चांगलंच चढतं. या सगळ्याला अर्धा तास ते दोन तास लागतात, भरल्या पोटी आणखी उशीर, जोर येतो साधारण दोन ते चार तासांनी आणि असर सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त राहतो. मग १५ मिनिटांनी काही वाटलं नाही याचा अर्थ फक्त एवढाच की अजून पोहोचलेली नाही. आमच्या सोसायटीत एका काकांचं असंच झालं, पहिला ग्लास घेतला, पाऊण तास काहीच नाही, "हे तर नुसतं दूध आहे" म्हणत दुसरा घेतला, आणि सगळे जेवायला बसले तेव्हा त्यांचे हात थरथरायला लागले, छाती धडधडतेय, मी जातोय आता, असं म्हणून चक्क रडायला लागले. बीपीची गोळी चालू होती, ग्लास वाटणाऱ्या पोरांना त्याची कल्पनाच नव्हती. काकू रात्री उशिरापर्यंत त्यांचा हात धरून बसल्या होत्या. टीएचसीने ठोके वाढतात, वयस्कर माणसाला उठताना चक्कर येऊन पडायची भीती असते, हे वाटणाऱ्याला माहीत असायलाच पाहिजे.

एका पातेल्यातली सगळी सारखी? टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. पातेलं तासभर ठेवा, साय आणि तूप वर येतं, वाटलेला पाला तळाशी बसतो, मधलं दूध तुलनेने हलकं. वरून डाव घातलेला ग्लास आणि मधून काढलेला ग्लास सारखा कसा असेल? दर ग्लासाआधी तळापासून ढवळलं तर फरक कमी होतो, पूर्ण जात नाही.

मेसेजच्या एका व्हर्जनमध्ये रंग बदलणाऱ्या टेस्ट किटचा सल्लाही आहे. असल्या टेस्टमध्ये जांभळा रंग आला तर गांजा-भांग कुळातलं काहीतरी असावं एवढाच अंदाज येतो, किती आहे ते नाही. किती आहे ते लॅबच सांगते, नमुना नीट ढवळून, सॉल्व्हंटने टीएचसी बाहेर काढून, घटक वेगवेगळे करणाऱ्या एचपीएलसी मशीनवर टीएचसी आणि टीएचसीए वेगळे मोजतात, मग टीएचसीएचा आकडा ०.८७७ ने गुणून टीएचसीत मिळवतात. आणि लॅब, लेबल सगळं असूनही गोंधळ होतोच. २०१५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि सिएटलमधून विकत घेतलेली गांजाची ७५ खाण्यापिण्याची उत्पादनं तपासली तेव्हा फक्त १७ टक्क्यांचं लेबल बरोबर होतं, २३ टक्क्यांत लिहिल्यापेक्षा जास्त टीएचसी निघालं. कॅनडात तर एका डब्यात १० मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादाच आहे, तरी कॅनच्या आतल्या प्लास्टिकच्या थराला टीएचसी चिकटून पेयातलं प्रमाण घटतं, ही तिथल्या कंपन्यांची खरी डोकेदुखी. आपल्या पातेल्यात किती मिलिग्रॅम आहे हे तर बनवणाऱ्यालाही माहीत नसतं.

लिंबू आणि तूप. तुपाचं तर उलटंच आहे, स्निग्ध पदार्थासोबत टीएचसी जास्त शोषलं जातं. लिंबाबद्दल एक खरी गोष्ट आहे, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की टीएचसीसोबत लिमोनीन (लिंबाच्या सालीतला सुगंधी घटक) वाफेतून दिलं तर घबराट कमी होते. पण ते शुद्ध लिमोनीन होतं, टीएचसीबरोबरच दिलेलं, आणि बाकीची नशा त्याने उतरली नव्हती. चढल्यावर पाजलेल्या सरबताशी त्याचा संबंध नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा, जवळ बसा, गाडी चालवू देऊ नका.

नैसर्गिक म्हणाल तर आयुर्वेदात विजया म्हणून वापरतात ती हीच भांग, आणि ती औषधांच्या नियमांतल्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणूनच त्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीत घ्या असं लिहावं लागतं. कायद्याचं म्हणाल तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात नुसता पाला गांजाच्या व्याख्येत येत नाही हे खरं, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याची दुकानंही आहेत, पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे आणि परवान्याशिवाय ती जवळ ठेवणंही गुन्हा आहे.

न सांगता कुणाला पाजणं किंवा मुलांच्या आवाक्यात ग्लास ठेवणं, याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. भांगेत धोतरा मिसळायचे प्रकार जुने आहेत, भांग-गांजाची चौकशी करायला इंग्रज सरकारने नेमलेल्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशननेही त्याची दखल घेतली होती. अंग तापलं, कातडी कोरडी पडली, बाहुल्या मोठ्या झाल्या, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर थांबू नका, लगेच हॉस्पिटलात न्या. लहान मूल पेंगायला लागलं तर अजिबातच थांबू नका. डॉक्टरांपासून भांग लपवू नका, किती वाजता घेतली, किती ग्लास, इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगा, आणि उरलेली ठंडाई बाटलीत भरून सोबत न्या.